खालच्या मजल्यावरचा धप्प

ओरेलियाँ दोत्रेम आणि माक्साँस विलदिय यांनी आयुष्यात मिळून एकच मोठी गोष्ट केली, आणि तीही त्यांनी केलेली नव्हती. हे ओरेलियाँला टोचायचं. माक्साँसला काही टोचत नसे. देवानं त्याला त्या बाबतीत गेंड्याची कातडी दिली होती.

कॉलेजच्या दिवसांत दोघं व्हर्सायला बाजारामागच्या गल्लीत, एका बुटक्या छताच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचे. जिन्यातला दिवा बटण दाबल्यावर दीड मिनिटात आपोआप विझायचा. अशा दिव्याला तिकडे मिन्युत्री म्हणतात, आणि दोघांनी आपल्या संगीताच्या जोडीला तेच नाव दिलं, कारण त्या दिवशी दुसरं काही सुचेना. पुढे एका समीक्षकानं या नावात ‘प्रकाशाच्या नश्वरतेचं चिंतन’ शोधलं आणि त्यावर चार पानं लिहिली. माक्साँसनं तो लेख चौकटीत घालून भिंतीला लावला.

त्यांची पद्धत साधी होती. कुठल्यातरी जुन्या नाचाच्या तबकडीतला चार सेकंदांचा तुकडा घ्यायचा, यंत्रात घालून गोल गोल फिरवायचा, त्यावर रजई टाकल्यासारखा त्याचा आवाज दाबून टाकायचा, आणि मग ती रजई अगदी हळूहळू ओढायची. शेजारच्या घरात लग्न चाललंय आणि कुणीतरी दार इंच इंच उघडतंय, असं ऐकणाऱ्याला वाटायचं. दार पूर्ण उघडलं की लोक वेडे व्हायचे. बाकी त्यात काही नव्हतं.

म्हणजे, होतं. धप्प होता.

रोज संध्याकाळी पाचला दोघं यंत्रं सुरू करत. गाणं जरा अंगात आलं की खालून छतावर ठोका पडे. धप्प. मग दुसरा. मग तिसरा. खाली मादाम केनेल राहायच्या आणि त्या झाडूच्या दांड्यानं छत ठोकतात, असा दोघांचा पक्का ग्रह होता. पोरं चांगल्या घरची, पाद्र्यांच्या शाळेत शिकलेली. तिसऱ्या ठोक्याला मान खाली घालून सगळं बंद करायची आणि दहा मिनिटं कुजबुजत बसायची. एके दिवशी जमिनीवर मायक्रोफोन चुकून चालू राहिला आणि ते तीन ठोके यंत्रात जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी ओरेलियाँनं ते ऐकले आणि त्याच्या अंगावर काटा आला. त्यात लाकूड होतं, चुना होता, आणि कुणाचा तरी जीव होता. बाजारातल्या कुठल्याही यंत्रातून असा ठोका निघत नव्हता.

त्या ठोक्यावर त्यांनी पहिली तबकडी उभी केली. ‘तिसरा मजला, डावीकडे’. सहा महिन्यांत बर्लिनपासून बैरूतपर्यंत लोक त्यावर घाम गाळू लागले. मोटारींच्या जाहिरातीत तो धप्प आला, दह्याच्या जाहिरातीत आला. मंत्रिमहोदयांनी दोघांच्या छातीवर पदक टोचलं आणि या ठोक्यात आपल्याला प्रजासत्ताकाच्या हृदयाची धडधड ऐकू येते, असं सांगितलं. मग दोघं गावोगावच्या मैदानांत चाळीस चाळीस हजार लोकांपुढे टेबलामागे उभे राहून बटणं पिळू लागले. त्यातली अर्धी बटणं कशालाच जोडलेली नव्हती. गाणं घरूनच डब्यासारखं भरून आणलेलं असे. तिथे फक्त झाकण उघडायचं.

“तो ठोका तुम्ही कसा बनवलात?” हा प्रश्न प्रत्येक मुलाखतीत यायचा.

“अकरा दिवस लागले,” माक्साँस डोळे अर्धे मिटून सांगायचा. “सात यंत्रांतून एकामागून एक तो आवाज काढला. आठव्या दिवशी मी रडलो.”

ओरेलियाँ शेजारी बसून मान हलवायचा. आयत्या बिळावर दोन नागोबा, त्यातला एक बोलका आणि एक मुका. मुक्याला लोक ‘जोडीतला खोल माणूस’ म्हणू लागले.

अशी पंचवीस वर्षं गेली. पाच तबकड्या निघाल्या, पाचही जणींत तोच धप्प, आणि तो वापरून वापरून न्हाणीघरातल्या साबणाच्या चिपेसारखा झाला. सहाव्या तबकडीच्या वेळी कंपनीच्या क्लोतिल्द बारांदनं दोघांना समोर बसवलं. ही बाई वाईट बातमी नेहमी कॉफी मागवून मग देते.

“लोकांना नवा धप्प हवा आहे,” ती म्हणाली. “पण जुन्यासारखा. तितकाच खरा. तुम्हीच केला होतात ना? मग आणखी एक करा की.”

दोघांनी तीन महिने करून पाहिला. शंभर ढोल बडवले. ओकचं दार बडवलं, चर्चचं जुनं बाकडं बडवलं, माक्साँसनं तर एक आख्खं डुकराचं तंगडं आणून टेबलावर आपटलं. आवाज सगळ्यांचा आला, जीव कशातच नव्हता. क्लोतिल्द ऐकायची आणि “छान आहे” म्हणायची. फ्रेंच माणूस “छान आहे” एवढंच म्हणाला की समजायचं, पाणी डोक्यावरून गेलं.

“आता लोकांना कळणार,” ओरेलियाँ म्हणाला. “आपण तो कधीच केला नव्हता, हे आता जगाला कळणार.”

“कुणाला काही कळत नाही,” माक्साँस म्हणाला. “कुठे मिळतो ते ठाऊक आहे ना आपल्याला? मग तिथे जाऊन आणायचा.”

तिसऱ्या मजल्यावरची ती जागा आता आठवड्याच्या बोलीवर पर्यटकांना मिळायची. दोघांनी ती दोन आठवडे घेतली. खाली पत्रपेटीवर केनेल नाव अजून होतं. जमिनीवर चार उत्तम मायक्रोफोन ठेवले, जुनी यंत्रं मांडली, आणि सोमवारी पाचच्या ठोक्याला पन्नाशीला टेकलेले दोन पदकवाले कलावंत एका म्हातारीला चिडवायला बसले.

खालून हूं की चूं नाही.

मंगळवारी आवाज वाढवला. बुधवारी माक्साँस बूट घालून नाचला. गुरुवारी त्यानं खुर्ची पाडली. शुक्रवारी भिंतीवरची तसबीर पडली, ती आपोआप.

“मेली असेल का रे ती?” माक्साँसनं विचारलं.

“काहीतरी बोलू नकोस. सकाळी पाव घेऊन येताना पाहिलंय मी तिला.”

“मग उद्या शेवटचा घाव घालू. दहा-बारा जण बोलावू, नाचू, टाचा आपटू. सहाला सुरू, ठोका पडेपर्यंत थांबायचं नाही. कसली बाई आहे ही! पूर्वी तीन मिनिटांत तापायची.”

शनिवारी साडेपाचला माक्साँस बर्फ आणायला खाली गेला आणि धाडधाड जिने चढत वर आला. त्याच्या हातात लिफ्टमधून फाडून आणलेला कागद होता.

“हे काय आहे?”

“चिठ्ठी,” ओरेलियाँ म्हणाला.

“वाच. मोठ्यानं वाच.”

“‘प्रिय शेजाऱ्यांनो, शनिवारी सहापासून आमच्याकडे थोडा आवाज होईल. होणाऱ्या त्रासाबद्दल आधीच क्षमा मागतो. एक पेला घ्यायला अवश्य यावं. तिसरा मजला, डावीकडे.’”

“अरे गाढवा! आपण तिला चिडवायला आलोय, आणि तू आमंत्रण लावून आलास?”

“चिठ्ठी न लावता दंगा करायचा? बारा माणसं बोलावून? लोक काय म्हणतील?”

“लोकांनी शिव्या घालाव्यात म्हणूनच तर हा उपद्व्याप!”

“मला नाही जमत,” ओरेलियाँ म्हणाला. त्याला खरंच जमत नव्हतं. हात आपोआप कागदाकडे गेला होता. आईनं लावलेली सवय, ती आई गेल्यावरही सुटत नाही. आणि ही चिठ्ठी एकदा लागली की शेजाऱ्याचे हात बांधले जातात. ती वाचूनही जो छत ठोकतो त्याला इमारतीत कोणी नमस्कार करत नाही. म्हणजे मादाम केनेलच्या मनात ठोकायचं असतं तरी आता त्यांची सोय नव्हती.

माक्साँसनं फाडली तोवर सगळ्या इमारतीनं ती वाचली होती. सहाला दारावरची घंटा वाजू लागली. चौथ्या मजल्यावरचा दंतवैद्य बाटली घेऊन आला. पहिल्यावरचं लॅटिनच्या मास्तरांचं जोडपं ऑलिव्ह घेऊन आलं. “खर्ज फार सुरेख लागलाय हो,” मास्तर म्हणाले, “थोडा वाढवलात तरी चालेल.” माक्साँस दातओठ खात सगळ्यांचे पेले भरत राहिला.

सर्वांत शेवटी मादाम केनेल आल्या. ऐंशी उलटलेल्या, केस नीट बसवलेले, निळं लोकरी जाकीट, हातात चीज घालून भाजलेल्या गरम गरम फुगीर बिस्किटांची ताटली.

“तुम्हीच ना ती दोन मुलं?” त्या म्हणाल्या. “मी सोमवारीच ओळखलं. पाच वाजले की खुर्ची बरोबर त्या खोलीत ओढून बसते मी.”

“तुम्हाला त्रास नाही होत?” माक्साँसनं जवळजवळ रडवेल्या आवाजात विचारलं.

“कसला त्रास? या वयात वरून कुणी वाजवतंय हेच खूप.”

“पण पूर्वी तर तुम्ही छत ठोकायच्या!”

“मी?” मादाम केनेल हसल्या. “मी कशाला ठोकीन बाबा? ते आमचे फिर्माँ.”

फिर्माँ म्हणजे त्यांचे यजमान. अग्निशामक दलाच्या बँडमध्ये तीस वर्षं त्यांनी मोठा ढोल वाजवला होता. मग अर्धांगाचा झटका आला, डावी बाजू गेली, आणि शेवटची सहा वर्षं त्यांनी खोलीबाहेर पाऊल टाकलं नाही. उजवा हात तेवढा शाबूत होता.

“पाच वाजायचा अवकाश,” मादाम सांगू लागल्या, “की म्हणायचे, ओदील, काठी दे, पोरं बसली. पडदे सरकवायची ती लांब काठी. उशाला टेकून बसायचे आणि तुमच्या गाण्यावर ठेका धरायचे. पण तुम्ही पोरं मोठी विचित्र. त्यांनी तीन ठोके दिले की तुम्ही बंद! रोज! मग त्यांचा चेहरा एवढासा व्हायचा. म्हणायचे, आज माझा ठेका चुकला वाटतं. दुसऱ्या दिवशी आणखी जपून ठोकायचे.”

ओरेलियाँला त्या क्षणी इतकी लाज वाटली की पेला कुठे ठेवावा ते त्याला सुचेना. पंचवीस वर्षं त्याच्या मनात एक कोडं होतं, रागावलेली बाई इतकी तालात कशी ठोकते? ती रागावलेली नव्हती, बाईही नव्हती. खाली एक माणूस त्यांच्यासोबत वाजवत होता आणि यांनी दर संध्याकाळी, अगदी सभ्यपणे, त्याचं तोंड बंद केलं होतं.

माक्साँसचा विचार वेगळ्या दिशेनं चालला होता. “मादाम,” तो पुढे वाकून म्हणाला, “ती काठी आहे का हो अजून?”

“काठी आहे,” त्या म्हणाल्या. “हात नाही.”

पाहुणे गेल्यावर ओरेलियाँनं त्यांना खुर्चीवर बसवलं आणि पहिली तबकडी लावली. माक्साँस मागून नको नको अशा खुणा करत होता. मादाम केनेलनी टेबलावर तळवा ठेवून ती ऐकली.

“हे फिर्माँच,” त्या म्हणाल्या. “तिसरा ठोका बघा, जरा मागे पडतोय. खांदा दुखायचा त्यांचा.” जरा वेळानं म्हणाल्या, “मी हे बाजारात ऐकलंय. चीजच्या दुकानात. मला वाटायचं, म्हातारपणी भास होतात माणसाला.” मग रुमाल काढून त्यांनी डोळे पुसले आणि अगदी सहज विचारलं, “मग तबकडीवर नाव असेल ना त्यांचं? कुठे बघायचं?”

माक्साँस खिडकीबाहेर बघू लागला.

“नाही,” ओरेलियाँ म्हणाला. “पण येईल. मी शब्द देतो.”

त्यावरून दोघांचं जुंपलं. रविवार आणि सोमवार त्यातच गेले.

“पंचवीस वर्षं मी सांगतोय की तो मी केला,” माक्साँस म्हणाला. “आठव्या दिवशी मी रडलो, हे तीन पुस्तकांत छापून आलंय. आता सांगू, की पलंगावरच्या एका फायरमननं केला?”

“हो.”

“जग हसेल.”

“हसू दे. त्या माणसाला वाटत राहिलं की त्याचा ठेका चुकला.”

“तो मेलाय, ओरेलियाँ!”

“म्हणूनच. त्याला सांगायची सोय राहिली नाही, जगाला तरी सांगू.”

बुधवारी पॅरिसला कंपनीच्या दालनात पत्रकार जमले होते. पहिल्या रांगेत एव्हरार मोंतालिय बसला होता. मोठ्या दैनिकाचा समीक्षक, नश्वरतेची ती चार पानं त्याचीच. कुणीतरी नेहमीचा प्रश्न विचारला. माक्साँसनं डोळे अर्धे मिटले, तेवढ्यात ओरेलियाँनं मायक्रोफोन आपल्याकडे ओढला. जोडीतला खोल माणूस बोलणार म्हणून पत्रकारांनी भराभर वह्या उघडल्या.

त्यानं सगळं सांगितलं. पलंग, काठी, शाबूत राहिलेला उजवा हात, आपण गाणं बंद करायचो ते, अकरा दिवसांची थाप. नाव, गाव, मजला. “तो ठोका आमचा नाही,” तो शेवटी म्हणाला. “तो फिर्माँ केनेल यांचा आहे. आम्ही चोर आहोत. आणि आता असा ठोका मिळणार नाही, कारण ते हयात नाहीत.”

माक्साँसचा चेहरा पिठासारखा झाला होता. क्लोतिल्दचा हात फोनवर गेला होता. मग एव्हरार मोंतालिय उभा राहिला आणि टाळ्या वाजवू लागला. त्याचं बघून बाकीचेही उठले.

गुरुवारच्या अंकात पाऊण पान होतं. मिन्युत्रीनं आपली सर्वांत धाडसी कलाकृती काल सादर केली, आणि ती तबकडी नसून एक माणूस आहे, असं मोंतालियनं लिहिलं होतं. अर्ध्या अंगानं लुळा पडलेला ढोलवाला, छताला भिडणारी काठी! कष्टकरी वर्गाच्या दडपलेल्या लयीसाठी याहून हृदयस्पर्शी रूपक फ्रेंच संगीताला आजवर सुचलेलं नाही. त्या काल्पनिक नावाची निवडसुद्धा किती अचूक, किती गावरान!

सगळ्यात आधी माक्साँसचा फोन आला. “लेका, तू तर माझाही बाप निघालास!” तो आनंदानं ओरडत होता. “मला आधी सांगायचंस ना! मी उगाच घाबरलो.”

दुसरा फोन क्लोतिल्दचा. नवीन धप्पाची आता गरज नव्हती. सहाव्या तबकडीत ठोक्याची जागा रिकामीच ठेवायची, नाव ‘फिर्माँ’ ठेवायचं, आणि काठीचं चित्र असलेले सदरे छापायला गेलेसुद्धा होते. तो खरा माणूस आहे, असं ओरेलियाँ तिला परोपरीनं सांगत राहिला.

“अगदी असंच,” क्लोतिल्द म्हणाली. “शेवटपर्यंत हेच बोलत राहा. जराही ढळू नका.”

त्यानं दैनिकाला फोन केला, पत्रं पाठवली. जितकं तो खरं सांगे तितकं त्याच्या अभिनयाचं कौतुक होई. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, आणि लोक त्या मारुतीला मोदक वाहू लागले.

मग मादाम केनेलनी स्वतः पत्र लिहिलं. सरळ, गोल अक्षरात. माझे यजमान श्री. फिर्माँ केनेल हे रूपक नसून अग्निशामक दलाचे निवृत्त कर्मचारी होते, आमचं लग्न बेचाळीस वर्षं टिकलं, सोबत नगरपालिकेच्या कुटुंबपुस्तिकेची छायाप्रत जोडली आहे, कृपया दुरुस्ती छापावी. त्या देशात माणूस जन्मला, लग्न झालं, मेला, हे त्या पुस्तिकेत शिक्क्यानिशी लिहिलेलं असतं. तिच्यापुढे न्यायाधीशही बोलत नाही.

पुढच्या गुरुवारी ओरेलियाँ जिना चढून दुसऱ्या मजल्यावर गेला. पत्र छापून आलं होतं. संस्कृतीच्या पानावर, छायाप्रतीच्या चित्रासकट. वर मथळा होता, ‘खेळ रंगतोय: आता विधवाही बोलते’. खाली मोंतालियचं टिपण होतं, की हस्ताक्षरातला थरथराट आणि जुन्या शिक्क्याची हुबेहूब नक्कल थक्क करणारी आहे.

मादाम केनेल स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसल्या होत्या. अंक त्यांच्यापुढे पसरलेला होता. त्या रडत नव्हत्या. त्यांनी त्याला बसायला सांगितलं, कॉफी ओतली, आणि चष्मा काढून ठेवला.

“ते गेले तेव्हा नगरपालिकेनं कागद मागितला होता,” त्या म्हणाल्या. “ते मेले आहेत म्हणून. बरं, दिला. आता हे लोक म्हणतात, ते होते म्हणून कागद द्या. तोही दिला. तर म्हणतात, कागद छान रंगवलाय. आता काय देऊ? त्यांचे मोजे देऊ?”

ओरेलियाँनं अंकाची घडी घालून तो बाजूला ठेवला.

“बँडमधले सगळे गेले,” त्या म्हणाल्या. “मूलबाळ झालं नाही. परवापासून मीच स्वतःला विचारतेय, की ओदील, होते ना गं ते?” मग त्यांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. “तुम्ही तरी त्यांना पाहिलं होतं ना, मुस्य ओरेलियाँ?”

त्यानं पाहिलं नव्हतं. चार वर्षं तो त्या माणसाच्या डोक्यावर राहिला होता आणि एकदाही खाली येऊन दार वाजवलं नव्हतं. गेला आठवडाभर तो जन्मात बोलला नव्हता इतकं खरं बोलत होता, आणि आता त्याची जीभ उचलेना.

“पाहिलं होतं की, मादाम,” तो म्हणाला. “जिन्यात. दोनदा. उंच होते.”

त्या पोरांच्या चारही वर्षांत फिर्माँ एकदाही जिन्यात आले नव्हते. मादाम केनेलनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“हो,” त्या म्हणाल्या. “जिन्यातच भेटले असतील.” आणि त्यांनी साखरेचं भांडं त्याच्यापुढे सरकवलं.